विनंती थांबा

वेल्ह्याच्या शाळेमागे गाडी लावली
तेव्हा भातावर दव होतं,
आणि आंबेमोहराचा वास
काचेला नाक टेकून बसलेल्या सुतळीला
माझ्याआधी पोचलेला.

निघताना तू दाराची चौकट धरून उभा होतास.
"तिच्या पाण्याची बाटली वेगळी घे," म्हणालास,
"आणि रेलिंगपाशी पट्टा सोड.
तिला चढता येतं. तुला येत नाही."
बूट बांधता बांधता मी हसले,
तुझ्या गुडघ्याकडे पाहिलं नाही.

इतकी वर्षं रविवार तुम्हा दोघांचे होते.
मी झोपायचे. उठायचे तेव्हा
ओसरीत चिखलाचे सहा पाय वाळत असायचे.

वाट पहिल्याच टेकाडाला मुरमाड झाली.
गवत कमरेएवढं, शेंड्याला तांबूस;
कुसळं मोज्यांत शिरून चालू लागली माझ्याबरोबर.
सोनकी तेवढी कातळाच्या खोबणींत पिवळी,
बाकी डोंगर सुकायला घातल्यासारखा.
तेरड्याच्या बोंडाला शेपूट लागलं की ते फुटायचं
आणि सुतळी दचकायची,
नऊ वर्षांची कुत्री, दर वेळी नव्यानं.

दसऱ्यानं ओरबाडलेल्या एका आपट्याखाली
ती बसली.
चल म्हटलं. बिस्किट दाखवलं.
ती आलो त्या वाटेकडे तोंड करून, शांत,
एस्टी यायचीच आहे
अशी खात्री असलेल्या बाईसारखी.
मग कुणी न सांगता उठली.

दमली असेल, मला वाटलं. वय झालं.

पुन्हा पाण्यानं खणलेल्या घळीच्या तोंडाशी.
पुन्हा, जिथे वाट दोन दगडांमधून
अंग चोरून जाते, तिथे.
तिची जीभ आत होती. धाप नव्हती.
धाप माझी होती, आणि ती
माझ्यासाठी थांबत नव्हती.

"अडीच तासांत वर. मध्ये टेकायचं नाही,
टेकलं की पाय जड होतात."
हे मी तुझ्या वतीनं
अख्ख्या सोसायटीला सांगितलंय.

रेलिंगचा पाइप ऑक्टोबरनं तापवून ठेवलेला.
पायाखालची खडी सुटली,
पोटात काहीतरी रिकामं झालं,
आणि मी तुला जोरात एक शिवी दिली, नावासकट.
वरून सुतळीनं डोकावलं.
एक बारका खडा माझ्याकडे घरंगळवला.

बिनी दरवाजा दिसू लागला
तशी ती वाट सोडून आत शिरली,
करवंदीच्या जाळीमागे,
येणाऱ्याजाणाऱ्याला दिसणार नाही असा
एक सपाट दगड.
मी बसले.
तिनं माझ्या डाव्या गुडघ्यावर हनुवटी ठेवली,
पुरा भार टाकून, शेकायला ठेवावी तशी.
डाव्या.
उजवा तिच्या जवळ होता.

एस्टीच्या पाटीवर लिहिलेलं असतं, विनंती थांबा.
हात दाखवला तर गाडी उभी राहते.
तू हात दाखवला नसशील कधीच.
हिला तो दिसत असणार.

किती वर्षं, रे?

मेंगाईच्या देवळापाशी रेंज आली.
"पोचलात?"
पोचलो.
"किती वेळ लागला?"
घड्याळ पाहिलं नाही.
मग तू थोडा थांबलास,
नवीन किल्लीनं कुलूप उघडून पाहावं तसा:
"सुतळी मध्ये कुठे बसली वगैरे नाही ना?"

खाली धरणाचं पाणी चकाकत होतं.
टाक्याच्या काठावर ती पाणी पीत होती,
लपक लपक, जगातला एकच आवाज.
मी म्हटलं, वारा फार आहे इथे,
नीट ऐकू येत नाही.

उतरताना ऊन तिरपं झालं.
सहा ठिकाणी बसलो दोघी.
आपट्यापाशी मात्र ती
खालच्या गावातल्या कुठल्याशा वासानं
विसरून पुढे गेली.

मी थांबले.